तिसरा डावा

लातुरात घर शोधणाऱ्या माणसाला ‘तिसरा डावा’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या माणसाला मात्र सांगावं लागतं, आणि ते सांगून सांगून ऋतुजाचं तोंड दुखायला आलं होतं. आर्किटेक्ट गुरुबसप्पा कोळनुरे, म्हणजे अप्पा, यांच्या ऑफिसातून निघालेली कुठलीही उंच इमारत रस्त्यावरून बघावी. प्रत्येक मजल्याच्या दोन्ही टोकांना गोल कोपऱ्याच्या रुंद गॅलऱ्या. फक्त तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला गॅलरी नाही. तिथं सपाट भिंत, गडद विटकरी रंगाची, आणि मधोमध एक बेताची खिडकी. हसऱ्या माणसाचा एक दात पडावा तशी ती इमारत दिसते. ह्या पडक्या दातावरूनच लातूर-उदगीरकडची माणसं लांबून सांगतात, की ही अप्पांची बिल्डिंग. ऑफिसच्या पाटीवरसुद्धा दहा चौकोन रंगवलेत आणि त्यातला एक कोरा ठेवलाय.

ऋतुजा ह्या ऑफिसात बारा वर्षं होती. अहमदपूरच्या शेतकरी घरातली मुलगी, आर्किटेक्चर शिकून आली आणि टिकली. अप्पांचं वय झाल्यावर ऑफिसात तिचाच शब्द चालायला लागला होता. बारा वर्षांत तिनं सतरा इमारती काढल्या आणि सतरा वेळा तो दात पाडला. नकाशावर तिसऱ्या मजल्याची डावी गॅलरी खोडायला तिला पाच सेकंद लागत, आणि त्या पाच सेकंदांत दर वेळी डोक्यात तिडीक जाई.

कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. अप्पांनीच एकदा चहा पिता पिता सांगितली होती. औसा रोडवरची त्यांची पहिली उंच इमारत उभी राहत होती, तेव्हा अकरा हजार व्होल्टची विजेची तार तिसऱ्या मजल्याच्या डाव्या गॅलरीला घासूनच जात होती. वीजवाल्यांकडे अप्पांनी चौदा महिने खेटे घातले. आज या, उद्या या, साहेब रजेवर आहेत. शेवटी अप्पांचं डोकं फिरलं आणि त्यांनी तेवढी गॅलरी रद्द करून भिंत चढवली. भिंत चढली त्याच्या पुढच्याच महिन्यात तार हलली.

गोष्ट इथंच संपायची. पण त्या बिनगॅलरीच्या घरात रामलिंग शेटे म्हणून डाळमिलवाले राहायला आले, आणि दोन वर्षांत त्यांच्या मुलीचा मेडिकलच्या परीक्षेत राज्यात नंबर लागला. त्याच साली त्यांनी दुसरी मिल घेतली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण लातूर पडलं क्लासेसचं गाव. इथं पोराला नंबर कशानं मिळतो ह्यावर माणसं जेवण सोडून बोलतात. गॅलरी नाही म्हणून पोरगं बाहेर बघत नाही, बाहेर बघत नाही म्हणून अभ्यास होतो, असं ठरलं. व्यापाऱ्यांनी त्यात आपलं घातलं, की दार एकच असलं की लक्ष्मीला निसटायला वाट राहत नाही. पुढचा बिल्डर आला तो म्हणाला, अप्पा, तसंच पायजे. अप्पांनी दोन इमारतींपर्यंत वाद घातला. तिसरीच्या वेळी त्यांनी पाटी रंगवून घेतली.

आता तर इतर आर्किटेक्टही तिसरा डावा कोरा ठेवत होते. एकानं तर पाचव्या मजल्याचाही कोरा ठेवला, म्हणजे पुण्य दुप्पट.

नांदेडला असर्जनच्या बाजूला हणमंतराव नावाच्या बिल्डरचा दहा मजली टॉवर सुरू झाला, तेव्हा ऋतुजानं फार वैताग न करता तो दात पाडून टाकला होता. अठरावा. पार्किंग झालं, दोन मजल्यांचे स्लॅब टाकून झाले. तिसऱ्याच्या तयारीला सुरुवात झाली आणि एका दुपारी अहमदपूरहून तिच्या वडिलांचा फोन आला.

“ऋतु, बसलीस का उभी हायस?” वैजनाथराव म्हणाले.

“उभी आहे दादा. बोला.”

“बस आधी. नांदेडात घर घेतलं आपण. तुझ्याच बिल्डिंगीत. अन् कोणतं घेतलं, सांग बरं.”

ऋतुजा खुर्चीवर बसली. तिला विचारायची गरज वाटली नाही.

“तिसरा डावा,” वैजनाथरावांनीच सांगून टाकलं. “यादीत बावीस माणसं व्हती. हणमंतराव म्हणले, आर्किटेक्टच्या बापाला न्हाई द्यायचा तर कुणाला द्यायचा. बजरंगाच्या पोरीची पुढच्या साली परीक्षा हाय. आता बघ कसा नंबर येतो ते.”

बजरंग म्हणजे ऋतुजाचा भाऊ. तो नांदेडात नोकरीला होता आणि आईवडिलांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून दोन वर्षं मागं लागला होता. त्यासाठीच मोठं घर बघणं चाललं होतं. आई, सिंधुबाई, तयार होत नव्हती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जिने जमत नसत. अहमदपूरच्या घराच्या ओट्यावर ती सकाळी आठला बसे ती दिवे लागेपर्यंत. भाजी तिथंच निवडायची, पोथी तिथंच वाचायची, गल्लीतल्या निम्म्या भांडणांचा निवाडाही तिथूनच करायचा. शेवटी तिनं एकच अट घातली होती. घराला गॅलरी पाहिजे, जिथून रस्ता दिसंल आणि रस्त्यावरच्याला आपण दिसू.

“आईला सांगितलं का?” ऋतुजानं विचारलं.

“सांगू की. खिडकी हाय तिथं चांगली.”

“दादा, खिडकीत माणूस बसतं का? पाखरू आहे का ती?”

“एका पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय ऋतु. तुझ्या आईला काय, टीव्ही हाय.”

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं पूर्वी म्हणत. इथं तर घोडं घरच्यांनीच आणून दारात बांधलं होतं. ऋतुजानं वडिलांना अकरा हजाराच्या तारेची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, “मग तीच तर देवाची इच्छा.” आणि फोन ठेवला.

ती तशीच उठून अप्पांच्या खोलीत गेली. अप्पा बिनसाखरेचा चहा बशीत ओतून पीत होते. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. ह्या माणसानं जिल्ह्यातली दहा हजार माणसं उन्हापावसातून आत घेतली, असं ती एरवी अभिमानानं सांगायची. आज तिला त्यांचा नुसता राग आला.

“अप्पा, पंधरा दिवसांनी नांदेडचा तिसरा स्लॅब आहे. त्याच्या आत हा खुळेपणा थांबवा. एकदा स्लॅब पडला की मागून गॅलरी चिकटवता येत नाही.”

“मी काय करू पोरी? लोकास्नी पायजे.”

“लोकांना खरं सांगा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. नांदेडची माणसं आपल्याला नवी आहेत, त्यांच्या डोक्यात अजून एवढं भरलेलं नाही.”

अप्पांनी बशी खाली ठेवली. “सांगतो. पण ऐकतील असं धरून चालू नको.”

पुढच्या रविवारी हणमंतरावांनी साइटवर मांडव घालून ग्राहकांना बोलावलं होतं. नांदेडची माणसं होती, लोह्याची होती, देगलूरचे तीन व्यापारी गाडी करून आले होते. उप्पीट झालं, चहा झाला, आणि अप्पा बोलायला उभे राहिले. ऋतुजा पहिल्या रांगेत मुठी आवळून बसली होती.

अप्पांनी आडपडदा ठेवला नाही. तार कुठून जात होती, किती खेटे घातले, कोणत्या टेबलावर कोण काय म्हणालं, सगळं सांगितलं. “तेवढ्यासाठी भिंत घातली मी,” ते म्हणाले. “त्यात ना वास्तू, ना लक्ष्मी. शेट्यांची पोरगी हुशारच व्हती. पत्र्याच्या खोलीत ठेवली असती तरी नंबर काढला असता तिनं.”

 मग मागून कुणीतरी हसलं, आणि हळूहळू सगळा मांडव कौतुकानं हसायला लागला. देगलूरचा एक व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला, “खरा जाणता माणूस. गुपित हाय म्हणून सांगत न्हाई बघा.” एक बाई पुढं येऊन अप्पांच्या पाया पडली. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यांचे चार फ्लॅट गेले, आणि ज्यांना तिसरा डावा मिळाला नव्हता त्यांनी निदान त्याच्या बरोबर वरचा तरी द्या म्हणून हणमंतरावांच्या मागं लागायला सुरुवात केली.

“काय बोललात अप्पा,” हणमंतराव हात जोडून म्हणाले. “दर महिन्याला एकदा याच.”

अप्पांनी ऋतुजाकडे बघितलं आणि खांदे उडवले. 

मग तिनं डोकं चालवलं, म्हणजे तिला तसं वाटलं. खरं सांगून जमत नसेल तर निदान आईपुरतं तरी जमवावं. तिनं नकाशा उघडला, तिसऱ्या मजल्याची डावी गॅलरी परत काढली आणि उजवी खोडली. एका बाजूचा दात पडायचाच असेल तर दुसरीकडचा पडू दे. हणमंतरावांना तिनं फोनवर काहीतरी सूर्य आणि पश्चिमेचं ऊन असं सांगितलं. त्यांना एक भिंत कोरी मिळाल्याशी मतलब. साइटवरच्या सेंट्रिंगवाल्या मिस्त्रीला नवा कागद गेला. ऋतुजा त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

तिसऱ्या दिवशी वैजनाथरावांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता.

“ऋतु, घात झाला असता बघ. नांदेडात बाजू बदलली म्हणे अप्पांनी, आता तिसरा उजवा हाय खरा. मला बजरंगानं येळेवर सांगितलं. मी सकाळच्या एसटीनं गेलो अन् बदलून घेतला. उजव्याचा माणूस द्यायला तयार न्हवता, पण मी तुझं नाव सांगितलं.”

ऋतुजानं फोन कानापासून लांब धरला. समोरच्या भिंतीवर तिनं काढलेल्या सतरा इमारतींचे फोटो ओळीनं लावलेले होते, सगळे रस्त्यावरून काढलेले. तिला त्या सगळ्यांचा एकदम कंटाळा आला. माणसाला त्याच्या भल्याची गोष्ट समजावून सांगावी तरी किती? आणि ज्याला समजवायचं तो आपलाच बाप असला तर रागवावं तरी कुणावर? ती अप्पांवर चिडली, हणमंतरावांवर चिडली, शेट्यांच्या त्या बिचाऱ्या मुलीवरही चिडली, जिचा गुन्हा एवढाच की तिनं नंबर काढला.

स्लॅबच्या आदल्या दिवशी ती नांदेडला पोचली. सळ्या बांधून झाल्या होत्या. डाव्या बाजूला गॅलरीच्या फळ्या बाहेर काढलेल्या होत्या, उजव्या बाजूला कडेला सरळ फळी ठोकून तोंड बंद केलं होतं. हणमंतराव घड्याळ बघत होते, कारण सकाळी सहाला काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. आणि खाली, पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिची आई बसलेली होती. शेजारी वैजनाथराव उभे होते, तोंड पाडून.

“हिला कुणी आणलं?” ऋतुजानं वडिलांना विचारलं.

“मीच आले,” सिंधुबाई म्हणाली. “ह्यांनी सांगितलं घर घेतलं. म्हणलं गॅलरी किती मोठी हाय? तर हे टीव्ही किती मोठा घ्यायचा ते सांगून राहिले. म्हणलं चला, दाखवा.”

तीन मजले चढायला तिला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर ती भिंतीला टेकून थांबे आणि ऋतुजाचा हात तेवढाच घट्ट धरे. वर मिस्त्रीनं सळ्यांवर रुंद फळ्या टाकून दिल्या. त्यावरून पाय घासत ती उजव्या बाजूच्या कडेपर्यंत गेली आणि ठोकलेल्या फळीपाशी उभी राहिली. खाली रस्ता होता, भाजीची गाडी होती, शाळेतून येणाऱ्या मुलींच्या सायकली होत्या. तिनं ते सगळं बघून घेतलं.

“हितं भिंत येणार?”

“हाव,” वैजनाथराव म्हणाले. “अन् खिडकी. पोरीच्या अभ्यासासाठी हाय ते, तुला कितींदा सांगू.”

“पोरीला करायचा असंल तर ती बाजारात बसून करंल. न्हाई करायचा तर कोंडून घातली तरी भिंत बघत बसंल.” सिंधुबाईनं नवऱ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. ती ऋतुजाला म्हणाली, “ही घरं तूच काढतीस न्हवं?”

“हो.”

“अशी बिनगॅलरीची किती काढलीस?”

“सतरा. हे धरून अठरा.”

“मग त्या सतरा घरांतल्या बाया कुठं बसतात गं?”

ऋतुजानं तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. तारेची गोष्ट होती, बिल्डरची होती, लोकांच्या खुळेपणाची होती, आणि ती सगळी बारा वर्षं घासून गुळगुळीत झालेली होती. त्यातलं एकही ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सतरा घरांचे दरवाजे कुठं उघडतात, स्वयंपाकाच्या ओट्याची उंची किती, मोरीचा उतार किती, हे तिला पाठ होतं. आत कोण बाई राहते आणि दुपारी चारला ती काय करते, ह्याचा तिनं कधी विचारही केला नव्हता. इतकी वर्षं ती सगळ्या दुनियेवर वैतागत आली होती आणि खोडायचं बटण मात्र दर वेळी तिच्याच बोटाखाली होतं. तिला आईसमोर उभं राहायची लाज वाटली.

ती वळली आणि मिस्त्रीला म्हणाली, “ही फळी काढा. इथंही गॅलरी येणार.”

“उद्या स्लॅब हाय मॅडम.”

“परवा करा. वरच्या मजल्यांना ह्या जागी गॅलरी आहेच, सळ्या तशाच टाकायच्या. महापालिकेच्या मंजूर नकाशातही आहे. नवीन काही करायचं नाही.”

हणमंतराव जिना चढून धापा टाकत आले. “अहो, दोन्हीकडं गॅलरी? मग अप्पांची बिल्डिंग हाय हे कळायचं कशावरून? लोकं बुकिंग मोडतील.” त्यांनी थेट अप्पांनाच फोन लावला आणि आवाज मोठा केला. “अप्पा, ही तुमची स्टाईल मोडून राहिली.”

“माझी कवा होती ती?” पलीकडून अप्पा म्हणाले. “वीजवाल्यांची हाय. नकाशा तिचा हाय, तिला विचारा.” आणि फोन बंद झाला.

“ह्या बिल्डिंगच्या नकाशावर माझी सही पाहिजे असेल तर गॅलरीसकटच मिळेल,” ऋतुजा म्हणाली. “नाहीतर दुसरा आर्किटेक्ट बघा. हल्ली सगळेच ही कोरी भिंत काढतात.”

हणमंतरावांनी काँक्रीटवाल्याला फोन लावला आणि शिव्या खात खात गाड्या एक दिवस पुढं ढकलल्या. वैजनाथराव जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. नातीचं वाटोळं केलं, असं ते दोनदा मोठ्यानं म्हणाले. मिस्त्रीची माणसं पहारी घेऊन आली. ठोकलेली फळी निघाली आणि तिच्या जागी बाहेरच्या बाजूला टेकू लागायला लागले.

सिंधुबाई हललीच नाही. ऋतुजा तिच्याजवळ गेली, म्हणाली, “झालं आई. आता चल खाली, तुला पाच फुटांची गॅलरी मिळेल.”

“ती मिळंल गं. मी तुला काय इचारलं?”

“त्या कुठं बसतात, ठाऊक नाही आई. मी कधी गेलेच नाही त्या घरांत.”

“मग जाऊन ये,” सिंधुबाई म्हणाली, आणि जिना उतरण्यासाठी तिनं हात पुढं केला.